एक ठोका म्हणजे आलं

“भावजी, काल काय करून ठेवलंत हो?” चपला काढायच्या आतच वहिनींनी तोफ डागली. “बाहेर सगळं पळतंय, आणि मागच्या खोलीत फोनवर लेकीचं तोंड दगडासारखं थिजतंय. ह्यांनी कालपासून चहालासुद्धा तोंड लावलं नाही.”

अँटेनावाला उंबऱ्यातच थांबला. छपरांवरच्या अँटेना भंगारात जाऊन जमाना झाला. आता तो घरोघरी वायफाय बसवायचा. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

“वहिनी, काल तर वायफायचं चॅनल रुंद केलं. वेग दुप्पट झाला. मोबाइलवर वेगाचा आकडा दाखवला ना तुम्हाला?”

“आकडा काय चाटायचाय?”

कंपनीला आकडाच हवा होता. सगळ्यांची चॅनलं रुंद करा, गिऱ्हाइकाला आकडा दाखवा, पुढच्या घरी पळा! पांघरूण रुंदीला ओढलं की पाय उघडे पडणारच. त्यात इमारतीतल्या प्रत्येक घराचं चॅनल रुंद; सगळी एकमेकांच्या अंगावर कोकलत होती. राउटरपाशी घोडा उधळलेला आणि दोन भिंतींपलीकडे, दादांच्या खाटेपाशी, मसणवट. पण कंपनीला शिव्या घालून त्याची सुटका नव्हती. काल मागच्या खोलीत न डोकावता निघून गेला होता तो स्वतः.

अर्धांगाच्या झटक्याने वहिनींच्या नवऱ्याची, दादांची, वाचा गेली होती. दूरदेशी असलेली लेक रोज दुपारी फोनवर दिसायची, तेवढ्यापुरते त्यांचे ओठ हलायचे.

हेच दादा एके काळी काय गर्जायचे! तरी छपरावरच्या वाऱ्यात त्यांचीही हाक विरायची. म्हणून अँटेनावाला वर अँटेना फिरवायचा आणि दादा खाली टीव्हीवर डोळा ठेवून खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पाइपवर पाना हाणायचे. एक ठोका म्हणजे आलं, दोन म्हणजे गेलं. एक ठोका ऐकल्याशिवाय हा शिडीला पाय लावत नसे. एकदा चित्र लख्ख असताना दादांनी दोन-दोन ठोके देऊन त्याला भर उन्हात नाचवला, आणि वर म्हणाले, “तुझी चरबी उतरवत होतो रे, गाढवा!” सगळी गल्ली खिदळली होती.

तो मागच्या खोलीत गेला. उशीला टेकवलेल्या फोनवर लेक आली होती. “बाबा, आज मी… बा…” तोंड थिजलं. दादांनी अँटेनावाल्याकडे एकदा पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली.

शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

बाहेर येऊन त्याने मोबाइलवर राउटर उघडला. चॅनल निम्म्यावर आणलं. वहिनी आत बघायला निघाल्या, तसा तो म्हणाला, “तुम्ही थांबा.” आणि छपरावरून मारायचा तशी गळा ताणून हाक मारली, “दादाऽऽ! आलं का?”

मग खाटेच्या लोखंडी दांड्यावर काहीतरी आपटलं. ठण. ठण.

“अगं बाई, काय पडलं?”

“काही नाही पडलं. गेलंय म्हणतायत.”

त्याने चॅनल आणखी अरुंद केलं, शेजाऱ्यांच्या गर्दीतून बाजूला सरकवलं. आकडा पार तळाला गेला. आतून लेकीचा आवाज मात्र सलग येऊ लागला. “बाबा, काय वाजवताय? अहो, हसताय काय!”

“दादाऽऽ! आता?”

ठण. ठण.

“अहो, येतंय की स्वच्छ! मला इथवर ऐकू येतंय!” वहिनी म्हणाल्या.

“गप्प बसा वहिनी. एक ठोका पडल्याशिवाय मी हलणार नाही.”

अँटेनावाल्याने मोबाइल खिशात घातला, भिंतीला पाठ लावून जमिनीवर फतकल मारली, आणि पुन्हा गळा ताणला.