पट्टा काहून बदलला

लोहारा गावच्या जिनिंगमधल्या वजनकाट्याचा प्रोग्राम मेहनाजने लिहिला होता. बोंडअळीचं वर्ष, कापसाच्या गाड्या आधीच कमी. त्यात त्या सकाळी पावत्या फिक्या निघू लागल्या. तिने प्रोग्राममधल्या जुन्या बदलांच्या नोंदी चाळल्या. छपाईच्या सॉफ्टवेअर पॅकेजपुढे तिनेच लिहिलं होतं: ‘२.३ वरून २.४ केलं.’ तिने बिनधास्त जुनं २.३ परत बसवलं. पावत्या ठळक आल्या, पण एकेका गाडीच्या दोन-दोन, वेगवेगळ्या नंबरच्या! याच भानगडीपायी मागच्या हंगामात पॅकेज बदललं होतं, ते तिला आत्ता आठवलं.

तिचा घोळ ऐकून जिनिंगचे जुने मिस्त्री गफ्फारमामू तिला मशीनपाशी घेऊन गेले. पत्र्यावर त्यांनी खडूने लिहिलं होतं: ‘पट्टा बदलला. जुना घसरत होता. परत लावू नये.’

“तू काय केलं ते लिहिलं,” मामू म्हणाले. “ते त पाहूनबी समजते. काहून केलं, ते कोन लिहीन?”

मेहनाज धुसफुसत परतली. २.४ बसवलं, छपाईचा ठळकपणा वाढवला आणि नोंदीत लिहिलं:

‘२.४ च ठेवलं. २.३ मध्ये एका गाडीच्या दोन पावत्या निघतात. मेहनाज, परत हात लावशील तर खबरदार.’