स्वेनबोर्ग शाखेतली फूट

शाखेत माणसं उरली होती दोन, आणि त्यातल्या एकाला व्हर्नरने पक्षातून काढून टाकलं.

गुन्हा तसा मोठाच. डेन्मार्कच्या राजाची बोट बंदराला लागली तेव्हा आइगिलने कागदी झेंडा हलवला. पक्ष राजेशाही बुडवायला निघालेला आणि खजिनदार झेंडा हलवतोय!

"अरे, एका पोरीने हातात कोंबला," आइगिल म्हणाला. "वारा होता. तो आपला आपण हलला."

मतदान झालं. एक मत बाजूने, एक विरुद्ध. अध्यक्षाचं जादा मत व्हर्नरने ठणकावून टाकलं. आइगिलने आपला कप विसळला, टोपी घातली आणि गेला.

पुढच्या गुरुवारी शाखेच्या खोलीत बैठकीला व्हर्नर एकटाच. बायको गेल्यापासून आठवड्यात माणसाशी बोलणं व्हायचं ते याच खोलीत. सवयीने त्याने दोघांची कॉफी केली, दोन्ही कप स्वतःच प्यायला आणि उभं राहून ठराव मांडला, कॉम्रेड आइगिलला परत घ्यावं. पण ठरावाला अनुमोदन लागतं. व्हर्नरने समोरच्या खुर्चीकडे बराच वेळ पाहिलं. ठराव बारगळला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही बारगळला.

मग त्याने राजीनामा दिला. त्याला कुणाचं अनुमोदन लागत नाही. तडक आइगिलच्या दारात गेला, तर तिथे नव्या पक्षाची पाटी.

"मला सभासद करून घे."

"आधी कुठल्या पक्षात होतात आपण?"

"आइगिल, गाढवा!"

"भाषा नोंदवून घेतो. बाहेर थांबा, बैठक भरवतो."

दार लागलं. व्हर्नर जिन्यावर टेकला. आतून आइगिलचा आवाज येत होता, "माणूस हट्टी आहे, पण कामाचा आहे." मग खुर्ची सरकली, तोच आवाज दुसऱ्या बाजूने आला, "कामाचा? चाळीस वर्षांच्या दोस्ताला हाकलताना हात थरथरला नाही त्याचा!"

दार उघडलं.

"काय ठरलं?"

"मी तटस्थ राहिलो. पुढच्या गुरुवारी बघू."

"मग जाऊ मी?"

आइगिल पायपुसण्याकडे बघत राहिला. "निरीक्षक म्हणून बसता येतं. बोलायचं मात्र नाही."

व्हर्नर आत जाऊन बसला. बैठक तर संपलेली होती. तरी अंधार पडेस्तोवर दोघं समोरासमोर बसून राहिले. एकाला बोलायची परवानगी नव्हती आणि दुसऱ्याला सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं.