फाटकापर्यंतचं लंडन

मांडवी बंदराच्या वाळूत गंगारामकाकांनी काठीने रेघ ओढली. "ही नदी. डाव्या हाताला ठेवायची. पूल आला की वळायचं. घड्याळाचा मनोरा दिसेल, त्याच्या पाठीमागे इस्पितळ. तिथे तुझा रावजी."

सगुणाने मान डोलावली. बोटीवर काम करताना नवऱ्याचा पाय चिरडला, त्याला लंडनच्या इस्पितळात ठेवलंय, असं पत्र येऊन दीड महिना झाला होता. मागून एक ओळ नाही. मुंबईची एक मडम तिला मूल सांभाळायला बोटीवर नेणार होती. मात्र लंडनचा धक्का आला की मडम आपल्या वाटेने जाणार. पुढची वाट सगुणाने एकटीने काढायची. सासूबाईंनी एकाच अटीवर होकार दिला होता, गंगारामाकडून सगळं शिकून घे. काका बोटीवर खलाशी, लंडनच्या तेरा खेपा करून आलेले. गाव त्यांना लंडनकरच म्हणे.

उद्या सकाळी मुंबईची आगबोट.

"पण काका, काल नदी उजव्या हाताला होती."

काठी थांबली. "ती… भरतीला उजवीकडे, ओहोटीला डावीकडे."

सगुणाला हसू फुटलं. "मला खुळी समजलात काय? भाट्याची खाडी जन्मभर बघत्येय मी. भरती आली म्हणून कधी हात बदललान तिने?"

काका मटकन वाळूत बसले. "उतरलोच नाही गो बाय कधी. खलाशी पळतील म्हणून सारंग, आमचा मुकादम, सोडीत नसे. धक्क्याच्या फाटकाशी उभं राहून बघितलं तेवढंच. बाकी सगळं ह्याच्या-त्याच्या तोंडचं. वीस वर्षं सांगतोय, आता मलाच खरं वाटतं."

सगुणा त्यांच्यासमोर बसली. "फाटकातून काय दिसतं?"

"एक रस्ता. धूर फार. पुढे डावीकडे वळतो. हे खरं, गणपतीची आण."

"आणि वळणापुढे?"

काकांनी काठीने वाळूतली रेघ पुसून टाकली.

घरी सासूबाई लेकासाठी आमसुलं बांधत होत्या. "शिकलीस? सांग बघू."

खरं सांगितलं तर उद्याची बोट चुकणार, आणि रावजी तिकडे एकटाच पडून राहणार. आज तिचा नववा सोमवार. उपासाच्या दिवशी खोटं बोलायचं नाही, हा तिचा नेम. देवा महादेवा, पातक माझ्या पदरात घाल, त्यांच्या पायावर नको, असं मनात म्हणत तिने सुरुवात केली. नदी, पूल, मनोरा, इस्पितळ. कुठे अडखळली नाही. फाटकापुढचं प्रत्येक पाऊल ती हवेत टाकत होती.

"बघ! गंगारामाला तिथला दगड न् दगड ठाऊक," सासूबाई म्हणाल्या. "आता मला घोर नाही."

सगुणा पुरचुंडीला गाठ मारायला वाकली. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा तिने ती दातांनी आवळली.