अकरा नंबरचा मळा

दादा कॉफीचे मळे फोन घेऊन कडेकडेने चालत मोजतो आणि त्याने पाठवलेले नकाशे मी तपासते. आमची कंपनी कॉफी परदेशी पाठवते. तिकडचा नियम असा, की प्रत्येक पोतं कुठल्या मळ्यातलं ते दाखवा. जंगल तोडून लावलेल्या मळ्याची कॉफी निघाली, तर सगळा माल माघारी. कागदावर खाली सही माझी.

त्या सकाळी अकरा नंबरच्या मळ्याचा नकाशा उघडला. चारही कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ! दादाचा मळा कधी सरळ येतच नाही. तो ओढ्याला वळसा घालतो, मुंगळे दिसले तरी लांबून जातो. शूर म्हणून त्याची ख्याती नाही. हा चौकोन त्याने कुठेतरी बसून काढला होता. मी त्या जागेचं उपग्रहाने टिपलेलं पाच वर्षांपूर्वीचं छायाचित्र उघडलं. तिथे तेव्हा गर्द जंगल होतं.

मी फोन लावला. "दादा, अकरा नंबरला गेला होतास का?"

"फाटकापर्यंत गेलो," तो म्हणाला. "मालकाचे दोन गडी कोयते घेऊन उभे. म्हणाले, घरी बसून काढ काय तो नकाशा. चिमे, तू सही कर आणि मोकळी हो."

"आणि पकडले गेलो तर?"

"नोकरी जाईल. मान तर जागेवर राहील!"

तो हसला. मी घाबरले की मला राग येतो. "बाकीचे मळे तरी नीट चालून मोज," असं खेकसून मी फोन ठेवला.

खोट्या नकाशावर सही केली तर दोघंही तुरुंगात. मळा यादीतून गुपचूप वगळला तर दादाचं नाव कुठेच येणार नाही, असं माझं शहाणपण. मी वगळला. संगणकाने कारण विचारलं. 'इतर' लिहून भागलं असतं, पण डोकं तापलेलं. लिहिलं, 'मोजणीदाराला कोयते दाखवून अडवलं. नकाशा खोटा.' बटण दाबलं आणि हायसं वाटलं.

तेवढ्यात पडद्यावर ओळ आली: 'कारणाची प्रत मळामालकाला पाठवली.' प्रतीखाली मोजणीदाराचं पूर्ण नाव आणि फोन नंबर. आजवर मी एकही मळा वगळला नव्हता. अशी प्रत जाते हे मला माहीतच नव्हतं.

मी लगेच दादाला फोन लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर त्याने उचलला.

"कुठे आहेस?"

"बारा नंबरला. अकराच्या कुंपणाला लागूनच आहे. तूच म्हणालीस ना, नीट चालून मोज?"

"दादा, आत्ताच्या आत्ता निघ तिथून. माझं चुकलं. धाव!"

"अगं, झालं काय?" मग तो थांबला. "एक मिनिट. कुणीतरी हाक मारतंय मला. नावाने."