नाकावरचं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. वर उभं राहून वजन बघायचा, गोल तबकडीचा. मला बनवलं ते माणसांची वजनं सांगायला. तेही केलं. खरं सांगितलं म्हणून लाथाही खाल्ल्या. पण ज्या कामासाठी माझा जीव अजून तुटतो, ते वेगळंच होतं.

माझा मालक सुतार. त्याची बायको शिवणकाम करणारी. दोघांचाही धंदा मापाचा. सुट्टीत फिरायला त्यांनी गाडीमागे ओढायचं, चाकांवरचं एक घर घेतलं. अशा घराचं पुढचं टोक, म्हणजे नाक, गाडीच्या हुकावर टेकतं. नाकावर भार फार झाला तर गाडी मागून बसते. कमी पडला तर घर वेगात शेपटीसारखं हलतं आणि गाडीलाच फरफटवतं. त्यांचं घर सामानासकट नऊशे किलोचं. नाकावर नव्वदच्या वर हवं, सव्वाशेच्या आत.

म्हणून प्रत्येक सहलीआधी मला अंगणात आणत. माझ्यावर हुकाइतका उंच ठोकळा, ठोकळ्यावर नाक. सुतार जॅकचं हँडल फिरवून नाक खाली सोडायचा, ती गुडघ्यांवर बसून आकडा वाचायची.

"किती गं?"

"एकशे आठ. तुमच्यापेक्षा बारीकच आहे!"

"घर मोजतेस की नवरा?"

हसताना तिच्या गळ्यातली मापपट्टी माझ्या काचेवर लोळायची. तो स्पर्श मला आजही हवा आहे.

एकदा असंच मोजून झालं. आकडा बरोबर आला. मग ती बाजारात गेल्यावर सुतारानं घराच्या अगदी मागच्या भिंतीला एक सागवानी कपाट ठोकलं. आत तिच्यासाठी नवं शिलाई मशीन. मुक्कामावर तिला चकित करायचं होतं. सगळं मिळून साठ किलो, तेही शेवटच्या टोकाला! मागे दाबलं की नाक वर उठतं, हे त्याला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण कपाट ठोकेपर्यंत ती परत आली. आता पुन्हा मोजायला काढलं तर आकडा वाचायला तीच येणार, आणि गुपित फुटणार. लाकडात केसाइतकी फट सहन न होणारा माणूस मूर्खासारखा अंदाजावर निघाला. मी अंगणातच पडलो होतो. काट्याला ओरडता येत नाही.

पुढचं मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. उतारावर घर हलू लागलं आणि गाडीसकट आडवं झालं. जीव वाचले. तिचं उजवं मनगट मोडलं. अजून कात्री नीट धरता येत नाही.

तिनं शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "मला हाक मारायची होती हो."

घर दुरुस्त झालं. कपाट निघालं. वर्षभर सुतार दर रविवारी माझी काच पुसतो, नाक टेकवतो आणि धावत येऊन स्वतःच वाकतो. राहत्या घराच्या खिडकीतून तिचा आवाज येतो, "किती?"

"अठ्ठ्याण्णव."

"बरोबर आहे."

"मग जायचं का गं?"

खिडकी लागते.

मित्रांनो, शेवटची वस्तू आत गेली की पुन्हा मोजा. ती प्रेमानं ठेवली असली तरी मोजा. भेट दिलेलं कपाट काही हलकं होत नाही. कुणाची मजा जाईल, कुणी हसेल, म्हणून अंदाजावर निघू नका. अंदाज बांधणारा एक असतो, आपटतात सगळे. आणि सोबतीला कुणी असेल, तर आकडा त्यालाच वाचू द्या. मी अजून खरं सांगतो. अठ्ठ्याण्णव किलो पाठीवर घेऊन मी दर रविवारी, ती आकडा वाचायला बाहेर येईल म्हणून, त्यांच्या दाराकडे बघत राहतो.