पाण्याला दिलेलं जाळं

रत्नमालाने डोंग्यातून ओणवं होऊन हिरव्या नायलॉनचा एक पदर मनगटाभोवती गुंडाळला आणि ओढला. जाळं हललं नाही. गोसीखुर्दच्या पाण्यात बुडालेल्या जुन्या गावाची चिंच तिथं अजून उभी होती. तिच्या वाळलेल्या फांद्यांत जाळ्याचं दुसरं टोक अडकलं होतं.

"हळू मॅडम, नाहीतर तुम्हीच जासान खाली," वल्हं धरून बसलेला परसराम म्हणाला. "मंग तुमच्या घरच्यायले काय सांगू मी?"

"विचारायला कोणी येणार नाही."

तिने हे गमतीत म्हटलं होतं. परसराम हसला नाही. वल्हं आत ठेवून त्यानेही जाळ्याला हात लावला.

जाळं वर आलं. त्यात दोन रोहू होते. एक मेला होता, दुसऱ्याचे कल्ले हलत होते. खाली कासव होतं. मानेभोवती धाग्याचे वेढे रुतले होते आणि चारही पाय पोहताना असावेत तसे ताणलेले होते. त्याला मरून बरेच दिवस झाले असावेत. तिने जिवंत रोहू पाण्यात सोडला, मग कात्रीने कासवाचे वेढे कापले. मेलेलं कासव पाण्यात बुडालं आणि दिसेनासं झालं.

पवनीच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची. सुट्टीच्या दिवशी परसरामचा डोंगा घेऊन धरणात राहून गेलेली जाळी काढायची. प्लास्टिक प्रदूषणाच्या जागतिक कराराचा मसुदा तिने वाचला होता. जाळ्यांविषयीची त्यातली भाषा समुद्राची होती. त्यात नद्या आणि धरणंही यावीत म्हणून काही संस्था धडपडत होत्या, आणि त्यांच्या वतीने तिला ऑनलाइन तीन मिनिटं बोलायचं होतं. ऑगस्टमध्ये जिनिव्हाची बैठक करार न होताच उठली. त्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून राहिली. पडद्यावरच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, मग पडदाही काळा झाला. तिने उठून एकटीपुरता भात लावला. भाषण अजून पाठ होतं.

"हे तं कवडूदादाचं होय," परसराम एकदम म्हणाला. जाळं तरंगावं म्हणून वरच्या दोरीला निळ्या चपलेचे तुकडे बांधले होते. त्यातला एक त्याने बोटांत धरला. "हे तुकडे त्याच्याच हातचे."

"टाकून दिलं होतं?"

"टाकलं नाही, देल्लं. तेराव्याले. आमच्या घराण्यात माणूस गेला का त्याचं जाळं पाण्याले देतात. पहिले सुताचं राहे, एका पावसात सडून जाये." त्याने धागा ताणून पाहिला. "हे किती दिवस राहीन?"

"आपण दोघं गेल्यावरही असेल."

"राहू द्या न मॅडम, इथंच. वयनी काठावर गवत कापून राहिली."

रत्नमालाने जाळं डोंग्यात ओढून घेतलं.

काठावर कवडूची बायको सुमनबाई इळा हातात घेऊन उभीच होती. डोंगा टेकताच तिने वाकून निळ्या तुकड्यांवरून बोट फिरवलं.

"कायले काढलं, बाई?"

"यात मासे अडकून मरतात, ताई."

"रिकामं नोतं?"

"नाही. दोन रोहू होते. एक जिवंत."

सुमनबाईने परसरामकडे पाहिलं. "म्हंजे बुढा अजून धरूनच राहिला! घरी होता तं एका रोहूसाठी चार दिवस रडवे मले."

परसराम गरजेपेक्षा जास्त मोठ्याने हसला.

"कासव तं नोतं न?" सुमनबाई म्हणाली. "कासव दिसलं का बुढा पहिले त्याले सोडे, मंग मासे. हातचा रोहू गेला तरी चाले त्याले."

रत्नमाला हात धूत होती. धुऊन झाले तरी धूत राहिली.

"नाही," ती म्हणाली. पाहिलेली गोष्ट बदलून सांगण्याची तिची ही पहिलीच वेळ होती.

"मंग जिथं होतं तिथं सोडा परत." सुमनबाई गवताच्या भाऱ्यावर बसली. "अन् तुमचं ते फारेनचं काय झालं? परसराम सांगे, तुम्ही बोलणार होत्या."

"नाही बोलले. वेळ संपली."

"एवढं पाठ केलं अन् कोणालेच नाही सांगितलं?"

"नाही."

"मंग मले सांगा. मले कुठं जा लागते? घरी कोण वाट पाहून राहिलं?"

रत्नमालाला वाटलं, ती थट्टा करते आहे. पण सुमनबाईने डोक्यावर पदर घेतला आणि इळा बाजूला ठेवला. परसरामनेही विडी विझवली.

"अध्यक्ष महोदय," रत्नमाला म्हणाली. इंग्रजीत लिहिलेलं भाषण मराठीत सावकाश येऊ लागलं. "मी जिथून बोलते आहे तिथून समुद्र फार दूर आहे. पण आमचं पाणी प्राणहितेतून गोदावरीला मिळतं आणि तिथून समुद्राला. आमच्या धरणातही जाळी राहून जातात. जाळ्याचा मालक जातो, जाळं थांबत नाही. त्यात काय सापडलं, काय सोडायला हवं, हे पाहायला कोणी नसतं. ते..."

ती थांबली.

"थांबल्या काहून?"

"ताई, कासव होतं. मेलेलं."

परसरामने मान खाली घातली. सुमनबाई इळा घेऊन उठली, डोंग्यात बसली आणि एकेक निळा तुकडा कापून पदरात टाकू लागली. शेवटचा तुकडा निघाल्यावर उरलेलं जाळं तिने पायाने रत्नमालाच्या बाजूला सरकवलं.

"परसराम," वर न पाहता ती म्हणाली, "तुझ्या बापाचं जाळं कुठी आहे?"

परसरामने पाण्याकडे पाहिलं. "बुडालेल्या पिपरा गावाच्या तिकडे," तो म्हणाला. "जुन्या शाळेच्या मांगं."

"चाल मंग."

त्याने वल्हं उचललं. रत्नमाला काठावरच उभी होती. सुमनबाईने पदर आवरला आणि थोडी सरकून तिच्यासाठी जागा केली.