जावईबापूंना दिलेला पत्ता

एकट्या बाईनं घर कुठं घ्यावं, याचा फुकट सल्ला द्यायला सौदीत माणसं कमी नाहीत. दक्षिणेला जा, स्वस्ताई आहे. जिझान घे, समुद्र आहे. खमीस मुशैत घे, आपली माणसं आहेत. आपली माणसं डोंबलाची! ती नकोत म्हणून तर दम्माम सोडत होते. चार मराठी बायका जमल्या की भिशी, आणि भिशी आली की चौकशी. आठवड्यात सुबोधच्या कानावर गेलं असतं. सुबोध माझा नवरा. त्यानं दोनदा माझा हात मोडला. दुसऱ्यांदा प्लास्टर निघालं तशी मी सांगलीला जाऊन कोर्टात घटस्फोटाचा अर्ज टाकून आले.

रियाधच्या एका हॉस्पिटलचे रिपोर्ट मी घरी बसून टाईप करते. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, माझा स्वतःचा. नेट असलं की गाव कुठलंही चालतं. म्हणून नकाशावर बोट खाली खाली नेलं आणि अबहा निवडलं. डोंगर, धुकं आणि ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. एजंट विचारायचे, "आइला?" म्हणजे कुटुंब आहे का. मी म्हणायचे, एकटी. सहा जणांनी फोन ठेवला. सातवी उमामा, साठीची घरमालकीण. ती म्हणाली, "मीही एकटीच आहे. ये."

चार महिने मी माणसासारखी झोपले.

मंगळवारी सकाळी अकराला बेल वाजली. आईनं सांगलीहून भडंग पाठवलं होतं, त्याचाच कुरिअरवाला असेल म्हणून मी हेडफोन गळ्यात टाकून दार उघडलं. दारात सुबोध.

"आईंनी पत्ता दिला," तो हसत म्हणाला.

दार लावायच्या आत त्याचा पाय आत आला. मग केस धरून मला स्वयंपाकघरात फरफटत नेलं. "केस मागे घेणार की नाही? बोल, रुचिरा, बोल!" प्रत्येक 'बोल'ला माझं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटत होतं. डोळ्यांत रक्त उतरलं. हाताला बिडाचा तवा लागला. मी तो फिरवला. त्याच्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज आला. केस सुटले, तो गुडघ्यावर बसला आणि आईगं आईगं करत रडायला लागला.

मी पुन्हा मारलं. पहिला तडाखा जीव वाचवायला होता. दुसरा मला मारायचाच होता म्हणून मारला. खोटं कशाला बोलू? त्याचे दोन दात फरशीवर पडले आणि मला बरं वाटलं.

आवाज ऐकून उमामा खालच्या मजल्यावरून धापा टाकत वर आली. "कोण हा?" चोर म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. मी मोडक्या अरबीत सांगितलं, माझा नवरा. आता ही मला हाकलणार, असं वाटलं. तिनं माझं कपाळ पाहिलं, डोक्यावरची ओढणी काढून ते घट्ट बांधलं आणि पोलिसांना फोन लावला. मग हातातली काठी घेऊन दारात उभी राहिली. सुबोधनं उठायचा प्रयत्न केला तेव्हा तिनं ती त्याच्या पाठीत घातली.

एवढ्यात माझा फोन वाजला. आई.

"पोचले का गं जावईबापू? दमून आले असतील. आधी चहा ठेव."

"आई, त्यानं माझं डोकं फोडलंय!"

पलीकडून हळूच, "तू काही बोललीस का त्यांना?"

"तू पत्ता दिलासच कसा?"

"अगं, रजेवर आले होते. माझ्या पाया पडले, ढसाढसा रडले. जावयाला नाही कसं म्हणायचं?"

मी ओरडले, नको ते बोलले. आईला म्हणाले, तू मेलीस मला. ती रडत राहिली, पण "चुकलं" म्हणाली नाही.

पोलिसांनी सुबोधला नेलं, पण आठवडाभरात तो सुटणार हे कळलं. माझी टाक्यांची पट्टी निघायच्या आत उमामानं माझ्याबरोबर सामान बांधलं. "नवा पत्ता मलाही सांगू नकोस," ती म्हणाली आणि मला छातीशी धरून रडली.

आता मी दुसऱ्या गावात राहते. दोन महिने आईचा फोन घेतला नाही, मग राहवेना. शेवटी आईच ती. ती रोज विचारते, "आता कुठं असतेस गं?"

मी म्हणते, "बरी आहे."